पाठमोऱ्या खुर्च्या

घंटीवर हात मारायचा आणि शब्द सांगायचा, एवढाच खेळ. पण त्या खेळात पॉ से एका बाईकडून नऊ आठवडे हरत आली होती, आणि हरायला तिला जेवढे कष्ट पडत होते तेवढे कुणाला जिंकायलाही पडले नसतील.

दर गुरुवारी सकाळी दहाला टारवूलच्या वाचनालयामागच्या खोलीत ग्लेनिसबाई दोन खुर्च्या फळ्याकडे पाठ करून मांडायच्या. मध्ये स्टूल, आणि स्टुलावर हॉटेलच्या काउंटरवर असते तसली पितळी घंटी. खुर्चीतल्या दोघांना फळा दिसत नाही. ग्लेनिसबाई फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहितात, समोर बसलेली मंडळी तो शब्द न उच्चारता त्याचं वर्णन करतात, आणि जो आधी ओळखेल त्यानं घंटी वाजवायची. गावच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंचा पुस्तकावर फारसा विश्वास नव्हता. "पाठ केलेला शब्द दुकानाच्या दारापर्यंत टिकतो," त्या म्हणायच्या, "खेळात जिंकलेला मरेपर्यंत."

वर्गात अकरा जण, सगळे कारेन जमातीचे, लढाईमुळं देश सोडलेले. सगळे थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीतून या परक्या देशात, गव्हाच्या मुलखात आलेले, आणि बहुतेकांचं पोट बदकांच्या कारखान्यावर. शिकायला येतात, हसतात, डब्यातली मासळीची चटणी एकमेकांना देतात आणि घरी जातात. पॉ सेला मात्र यंदा हसायला सवड नव्हती. ऐंशी किलोमीटरवरच्या शहरात पुढच्या इयत्तेचा वर्ग सुरू व्हायचा होता आणि टारवूलहून जाणाऱ्या व्हॅनमध्ये एकच जागा रिकामी होती. तो वर्ग पूर्ण केलास तर मदतनीस म्हणून घेते, असं गावच्या वृद्धाश्रमाच्या मॅनेजरणीनं तिला स्वच्छ सांगितलं होतं. वर्षअखेरपर्यंत वाट बघते म्हणाली होती. नाहीतर आहेतच बदकं. सात वर्षं बदकं कापून पॉ सेच्या उजव्या मनगटानं आता संप पुकारला होता. त्याला सदा पांढरी पट्टी बांधलेली असायची. चहाचा कप उचलतानासुद्धा ती डावा हात पुढं करायची.

आणि ती एक जागा कुणाला द्यायची ते ग्लेनिसबाई खेळावरून ठरवणार होत्या. भिंतीवर तक्ता होता. जिंकलेल्या प्रत्येक शब्दाला त्यावर एक रेघ. "पुढच्या वर्गात माना डोलावून चालत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "जो झटकन तोंड उघडेल तोच जाईल." दहाव्या गुरुवारी तक्त्यावरच्या पहिल्या दोघांचा अखेरचा सामना.

दुसरी होती पॉ से. पहिल्या होत्या थरामू लिडिया.

थरामू म्हणजे बाई, शाळेतल्या बाई. सहासष्ट वर्षांच्या लिडियाबाईंनी छावणीतल्या पानांनी शाकारलेल्या शाळेत सव्वीस वर्षं मुलं शिकवली. या वर्गातले सहा जण त्यांच्याच हाताखालून गेलेले, आणि त्यात पॉ से. ती अकरा वर्षांची असताना तिची आई हिवतापानं गेली, तेव्हा थरामूंनी तिला घरी नेलं आणि दोन वर्षं आपल्या ताटातला भात घातला. आता सांगा, अशा बाईंच्या पुढं चालायचं झालं तरी कारेन माणूस कमरेत वाकून चालतो. त्यांच्या हातात काही द्यायचं तर उजव्या हातानं, डावा हात कोपराला लावून. त्यांच्याहून उंच बसायचं नाही. पाठमोऱ्या खुर्च्या दोन्ही सारख्या उंचीच्या, म्हणून पॉ से आपल्या खुर्चीत घसरून, मान पोटात घालून बसायची. आणि चारचौघांत त्यांच्याआधी घंटी वाजवायची? त्यापेक्षा चर्चमध्ये उभं राहून शिवी दिलेली बरी.

म्हणून शब्द ओठावर यायचा आणि पॉ से तो गिळायची. हात मांडीखाली दाबून ठेवायची. बाकीचेही तेच करत. एमॉस नावाचा सुपारी चघळणारा एक थट्टेखोर माणूस होता, तो खोकल्याचं सोंग करून त्या खोकल्यातच शब्द सांगायचा. जाडजूड व्हायलेट हवेत बोटानं अक्षरं काढायची. मग थरामू घंटी वाजवायच्या, खोली टाळ्या पिटायची आणि ग्लेनिसबाई तोंडभर हसून म्हणायच्या, "लिडिया, कमाल आहे तुमची!" बिचाऱ्या ग्लेनिसबाई. त्यांना वाटायचं, या लोकांना एकमेकांच्या यशाचा केवढा आनंद होतो!

मंगळवारी संध्याकाळी लेर वाच्या बाबांनी मिरच्या कुटता कुटता विषय काढला. लेर वा ही पॉ सेची बारा वर्षांची मुलगी. तिच्या जन्मापासून नवरा-बायको एकमेकांना तिच्याच नावानं हाक मारत.

"काय ठरवलंयस मग, लेर वाच्या आई?"

"ठरवायचंय काय त्यात?"

"सुरी धरवत नाही तुला. निदान घंटी तरी दाब."

"थरामूंसमोर?"

"समोर कुठं? शेजारी बसूनच दाबायचीय ना?"

"तुम्हाला सगळी थट्टाच सुचते."

लेर वानं गृहपाठातून डोकं वर काढलं. "म्हणजे आई, तू मुद्दाम हरतेस? ही तर चीटिंग झाली."

"याला मान ठेवणं म्हणतात."

"आमच्या शाळेत असा मान ठेवला तर दोघांनाही वर्गाबाहेर काढतील."

"बघ," बाबांनी खलबत्ता बाजूला केला. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "त्यांनी तुला भात घातला, मी नाही म्हणत नाही. पण कशासाठी घातला? तू शिकावीस म्हणून, की बदकं कापत म्हातारी व्हावीस म्हणून?"

"बोलायला तुमचं काय जातं! रविवारी चर्चमध्ये सगळे बघतील ते माझ्याकडे, तुमच्याकडे नाही." पॉ सेनं भांड्यावर झाकण आपटलं आणि ती मागच्या अंगणात गेली. अंबाडीच्या वाफ्याला सकाळीच पाणी घालून झालं होतं. तिनं पुन्हा घातलं. मग मिरच्यांना घातलं, मग पुन्हा अंबाडीला. वाफ्यातून चिखल वाहून पायापर्यंत आला तरी तिचा पाइप बंद होईना. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं होतं तिचं, आणि काठावर उभं राहून राहून पाय दुखायला लागले होते.

बुधवारी तिची दुपारची पाळी होती. त्याआधी ती मासळी घालून केलेली अंबाडीची भाजी घेऊन थरामूंकडे गेली. का गेली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित थरामूच म्हणतील, पोरी, मला कुठं झेपतंय या वयात, तू जा. मनात कुठंतरी ती तेवढ्या एका वाक्याची वाट बघत होती.

थरामूंनी डबा घेतला आणि तिला हाताला धरून आपल्या खोलीत नेलं. पलंगावर निळी पिशवी होती. तिच्यात तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली नवीकोरी वही, दोन पेन, चष्म्याची डबी. कव्हरवर सुंदर वळणदार अक्षरात नाव लिहिलेलं.

"सोमवारी सातला येते म्हणे व्हॅन," थरामू म्हणाल्या. "छावणीत बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणते, या वयात शाळेत? म्हटलं, हो, शाळेत!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. या घरात मी म्हणजे नातवंडांची दुपटी बदलणारी म्हातारी. इंग्रजी कागद आला की सूनबाई माझ्या हातात देत नाही, नातवाच्या हातात देते. आठ वर्षांचा आहे तो. सव्वीस वर्षं मी लोकांना वाचायला शिकवलं गं! पण गुरुवारी त्या खुर्चीत बसलं की डोकं पुन्हा चालायला लागतं. शब्द आपोआप येतात."

पॉ सेच्या डोळ्यांसमोर एमॉसचा खोकला आला. ती खाली बघत राहिली.

"तुला वाईट तर नाही ना वाटणार, उद्या मी जिंकले तर?"

"नाही, थरामू."

"तुला शब्द येतात, मला दिसतं ते. पण तू धीर करत नाहीस. लहानपणीही अशीच होतीस. काळजी करू नकोस, मी तिकडून शिकून येईन आणि संध्याकाळी तुला शिकवीन. आपलं पूर्वीसारखं."

"हो, थरामू."

त्या दिवशी कारखान्यात पॉ सेच्या हातून दोनदा सुरी सुटली. तिला राग आला होता आणि तो ठेवायला कुठं जागा नव्हती. थरामूंवर रागवायचं नसतं. नवरा खोटं बोलला नव्हता. एमॉस, व्हायलेट वागत होते तशीच ती स्वतः वागत होती. ग्लेनिसबाईंना जाऊन सगळं सांगावं, तर ती थरामूंची चहाडी झाली, आणि ते घंटी वाजवण्याहूनही वाईट. सुपरवायझरनं विचारलं, हात फार दुखतोय का? ती हो म्हणाली. तेवढं एक उत्तर सोपं होतं.

गुरुवारी खोलीत सगळे अकरा जण होते आणि ग्लेनिसबाईंनी केक आणला होता. वीस शब्द, जास्त जिचे ती सोमवारी व्हॅनमध्ये. थरामू कारेनांचा विणलेला लाल सदरा घालून आल्या होत्या, सणाला घालतात तो. पॉ से आपल्या खुर्चीत घसरून बसली आणि तिनं उजवा हात मांडीखाली घातला.

पहिला शब्द लॅडर. एमॉस खोकला. थरामूंनी घंटी वाजवली. दुसरा अंब्रेला, तो थरामूंना खरोखरच येत होता की काय कोण जाणे. तिसरा कर्टन. व्हायलेटनं खिडकीकडे डोळे फिरवले आणि हवेत निम्मा शब्द लिहूनही दाखवला. तीन–शून्य. टाळ्या.

चौथा शब्द लिहिला गेला आणि समोरची मंडळी एकदम खूश झाली. सोपा होता.

"पांढरं," व्हायलेट म्हणाली. "लांब. कापड."

"दुखतं तिथं," कुणीतरी म्हणालं.

"पॉ से!" एमॉस बोट दाखवत म्हणाला. "पॉ सेच्या हाताला आहे!"

थरामू वळल्या. पॉ सेनं मांडीखालचा हात बाहेर काढला, काढावाच लागला, आणि दोघी त्या पट्टीकडे बघत राहिल्या. थरामूंच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ हलले. शब्द येईना. एमॉस खोकला. पुन्हा खोकला. थरामूंनी मान हलवली. घड्याळाचा काटा पुढं सरकत होता, ग्लेनिसबाई पेन घेऊन थांबल्या होत्या, आणि नऊ माणसं पॉ सेच्या दुखऱ्या मनगटाकडे बोट करून म्हाताऱ्या बाईला तिच्याच पट्टीचं नाव विचारत होती. तिला कुणीच विचारत नव्हतं. ती पट्टी जणू तिच्या हाताला नव्हतीच, फळ्यावर टांगलेली होती.

घंटी वाजली. सगळ्यांनी थरामूंकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"बँडेज," पॉ से म्हणाली.

टाळ्या वाजल्या नाहीत. ग्लेनिसबाईंच्या एकटीच्या वाजल्या, त्याही दोनच. पाचवा शब्द पिलो, घंटी पॉ सेची. सहावा थर्मामीटर, पॉ सेची. एकदा हात सुटल्यावर तो थांबवणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. समोरची मंडळी आता वर्णन करायलाही कचरत होती, पण अर्ध्या शब्दावरून तिला पूर्ण कळत होतं. सात, आठ, नऊ.

"लाज नाही वाटत?" व्हायलेट कारेनमध्ये फुत्कारली.

थरामूंनी हात वर केला.

"पॉ से, उभी राहा."

अडतीस वर्षांची पॉ से हाताची घडी घालून उभी राहिली.

"हे शब्द तुला कधीपासून येतात?"

थरामूंशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "पहिल्या दिवसापासून."

लाल सदऱ्यात थरामू एकदम लहानशा दिसायला लागल्या. मग त्या वळल्या. "एमॉस, मला नऊ आठवडे वाटत होतं तुला सर्दी झालीय."

एमॉसनं सुपारीसकट सगळं गिळलं.

"आम्ही मान ठेवला, थरामू," व्हायलेट पुटपुटली.

"मान?" थरामूंचा आवाज चिरकला. "लहानग्या पोराला शर्यतीत मुद्दाम पुढं सोडतात, तो मान? मी बहिणीला फोन केला! पिशवी भरली! सून मला घरात म्हातारी समजते, पण ते मला निदान दिसतं तरी. तुम्ही तर टाळ्या वाजवून तेच केलंत!" त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. "पॉ से, येत असून जो हात वर करत नसे, त्याला मी काय करायचे?"

"छडी मारायचात, थरामू."

"मग?"

"माझं चुकलं. मला ती जागा हवी होती, थरामू. माझा हात गेलाय. मला फार हवी होती." आता पॉ सेही रडत होती. "आणि तुम्हाला हरवायचंही नव्हतं."

"दोन्ही कसं जमेल, गाढवे?" थरामू म्हणाल्या. "खाली बस. आणि घसरून बसू नकोस. नीट बस, माझ्याएवढी."

ग्लेनिसबाई बिचाऱ्या केकची सुरी हातात घेऊन उभ्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण काहीतरी मोठं मोडलंय एवढं त्यांना दिसत होतं. "लिडिया, आपण पुढच्या आठवड्यात—"

"नाही," थरामू इंग्रजीत म्हणाल्या. "पुसा सगळं. नवे वीस. आता." मग कारेनमध्ये, "आणि जो खोकेल त्यानं बाहेर जाऊन खोकायचं."

नवे वीस सुरू झाले. पहिला शब्द पॉ सेचा, दुसरा पॉ सेचा, तिसराही. सुरुवातीला प्रत्येक घंटी तिच्या छातीत वाजत होती. पण आज्ञा होती, आणि थरामूंची आज्ञा मोडायची नसते. सातव्या शब्दापर्यंत तिचे अश्रू वाळले. दहाव्यापर्यंत, खोटं कशाला सांगा, तिला मजा यायला लागली. व्हीलचेअर, ब्लँकेट, कॅलेंडर. नऊ आठवडे गिळलेले शब्द एकेक बाहेर पडत होते. शेजारी थरामू पुढं वाकून, मुठी आवळून ऐकत होत्या. प्रत्येक वेळी त्यांचा हात घंटीपर्यंत पोचायचा आणि खाली पॉ सेचा हात असायचा. पंधरा–शून्य. एमॉसला बघवेना, तो छताकडे बघायला लागला. अठरा–शून्य झाल्यावर ग्लेनिसबाई म्हणाल्या, निकाल तर लागलाच आहे, केक कापू या का?

"पुढचा शब्द," थरामू म्हणाल्या.

एकोणिसावाही पॉ सेचा गेला. विसावा लिहिला गेला.

"शेतात उभा," व्हायलेटनं हळूच सुरुवात केली. "डोक्याला टोपी."

पॉ सेची घंटी. "फार्मर!"

"चूक," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"माणूस नाही," एमॉस म्हणाला, घसा अगदी साफ ठेवून. "चालत नाही. बोलत नाही. पाखरं घाबरतात."

पॉ सेनं डोकं खाजवलं. कुत्रा? कुत्र्याला टोपी कशाला? बंदूक? तेवढ्यात घंटीवर असा तडाखा बसला की ती स्टुलावरून उडून गडगडत भिंतीपर्यंत गेली.

"स्केअरक्रो!" थरामू ओरडल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "स्केअरक्रो! शेजारच्या रॉनच्या वाफ्यात आहे! त्याच्या बायकोची टोपी घातलीय त्याला, वारली ना ती. कुंपणावरून त्यानं मला सांगितलं, मी तीनदा विचारून घेतलं!"

ग्लेनिसबाईंनी फळ्यावर एकोणीस–एक लिहिलं आणि व्हॅनच्या कागदावर पॉ सेचं नाव. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. पॉ सेनं नावाकडे पाहिलंही नाही. ती थरामूंकडे बघत होती, आणि थरामू चष्म्याच्या वरून तिच्याकडे, वह्या तपासताना बघायच्या तशा.

"हा तू सोडलास?"

"नाही, थरामू."

"माझ्याकडे बघून सांग."

"खरंच नाही. मला येतच नव्हता. अजूनही नीट कळला नाही, काय असतं ते?"

थरामूंनी तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मग सदरा खाली ओढून नीट केला.

"मग बघत काय बसलीस? वही काढ," त्या म्हणाल्या. "लिहून घे."

पॉ सेनं वही काढली. थरामू तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर सांगू लागल्या, आणि ती दुखऱ्या हातानं लिहू लागली.